यमूची गोष्ट सांगणारे हरिभाऊ

दरवर्षी स्मरणिकेत एक चरित्र द्यायचे, हा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता. यंदा कोणाचे घ्यावे यावर फार चर्चा झाली नाही, कारण ज्यांचे नाव पुढे आले ते एका अर्थाने आपल्या गावाकडचेच निघाले. हरि नारायण आपटे, म्हणजे मराठी वाचकांचे हरिभाऊ, यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी पारोळ्याला झाला. पारोळा खानदेशात. आणि खानदेश म्हणजे आज आपण जळगाव-धुळ्यापुरता धरतो तेवढाच नव्हे. फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या काळात त्या खानदेशाचे मुख्य ठाणे आपले बऱ्हाणपूर होते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये हे शहर मराठ्यांकडे आले आणि आपल्यातली काही घराणी इथला पत्ता त्या सुमारापासूनचा सांगतात. पुढे इंग्रजांनी रेघा ओढल्या. बऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात गेले, पारोळा मुंबई इलाख्यात राहिला. एकीकडे तापी, दुसरीकडे बोरी. पण बोरी नदी शेवटी तापीलाच मिळते.

हरिभाऊंना सगळे पुण्याचे समजतात, आणि ते खरेही आहे. पारोळ्याला त्यांचे बालपण फार काळ गेले नाही. आई लहानपणीच गेली. मोठ्या एकत्र कुटुंबातले हे पोरके पोर चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या आधाराने वाढले. महादेव चिमणाजी मुंबईत नावाजलेले वकील. त्यांच्यामुळे हरिभाऊंचे सुरुवातीचे शिक्षण मुंबईत झाले आणि १८७८ मध्ये बिऱ्हाड पुण्याला आले. आईवाचून वाढलेल्या मुलाला घरातल्या बायकांच्या कोंडाळ्यात बसायची सवय लागते. माजघरात कोण कोणाला काय बोलले, कोण कोणाच्या आड जाऊन रडले, हे त्याला पुरुषमंडळींपेक्षा अधिक कळते. हरिभाऊंच्या लिखाणातले माजघर इतके जिवंत कसे, याचे कारण आम्ही आमच्यापुरते इथेच शोधतो.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा हरिभाऊ त्या शाळेत गेले. चिपळूणकर, टिळक, आगरकर हे तिघेही त्यांना शिक्षक म्हणून लाभले. असे भाग्य किती जणांच्या वाट्याला आले असेल! १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने रूपांतर केले, तर या शिष्याने त्यावर लांबलचक परीक्षण लिहून गुरुजींच्या चुका दाखवल्या. गुरूविषयी आदर आणि त्याच्या लिखाणाची चिकित्सा, या दोन गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र नांदत होत्या. पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कॉलेजात मात्र गणिताने दगा दिला. डेक्कन कॉलेज झाले, फर्ग्युसन झाले, पदवी काही हाती आली नाही. वकील चुलत्याच्या घरातला पुतण्या नापास होऊन गोष्टी लिहीत बसतो, हे आजच्याही घरात कोणाला आवडणार नाही. पण इंग्रजी कादंबऱ्यांचे त्यांचे वाचन अफाट होते आणि १८८५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, 'मधली स्थिती' ही त्यांची पहिली कादंबरी 'पुणे वैभव' पत्रात क्रमाक्रमाने येऊ लागली. नावच पाहा. जुने सुटत नाही, नवे धड पकडता येत नाही, अशी मधली अवस्था. तोवर मराठीत कादंबरी म्हणजे 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' असल्या अद्भुतरम्य कथा. त्यात राजपुत्र, राजकन्या, संकटे आणि शेवटी लग्न. पुण्यातल्या एखाद्या आळीतले घर, त्यातली भांडणे आणि कर्ज कादंबरीत येऊ शकते, हे वाचकांना नवीन होते.

आता तो काळ थोडा आठवू या. १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंचा खटला सुरू झाला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देते, आणि १८८७ मध्ये न्यायालय तिला सांगते की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्याच सुमारास बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध देशभर रान उठवले होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण कायद्याच्या पुस्तकातून ब्राह्मणवाड्यातल्या ओसरीपर्यंत तो पोचला नव्हता. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न व्हायचे, नवरा गेला की तिचे केस उतरवायचे, लाल आलवण नेसवायचे, एकभुक्त ठेवायचे आणि मंगलकार्यात तिचे तोंड पाहायचे नाही. विधवेने केस राखले तर परलोकात नवऱ्याला बंधन पडते, असा एक श्लोक तोंडावर फेकला जाई. तो म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी मूळ ग्रंथ उघडून पाहिला होता, कोण जाणे.

या रूढींविरुद्ध बोलणारे लोक होते, नाही असे नाही. जोतिराव फुल्यांनी १८६३ मध्येच फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले होते. आपल्याच शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना उभे-आडवे घेतले होते. आगरकर 'सुधारका'तून केशवपनावर कोरडे ओढत होते. १८९० मध्ये तर नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनीच ठराव केला की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. (ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना लाज वाटली आणि ज्यांच्या हातात पोथी होती त्यांना वाटली नाही, हे आम्हाला नेहमी विलक्षण वाटत आले आहे.) त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. आणि त्याच १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले.

नाव करमणूक. त्या वेळच्या पुण्यात वर्तमानपत्र काढायचे तर वाघासिंहाचे किंवा ज्ञानाचे नाव द्यावे. हरिभाऊंनी असले हलके नाव घेतले. पण त्यात एक हिशेब होता. 'केसरी' आणि 'सुधारक' ओसरीवर वाचले जात. त्यांत वाद असे, आणि वादात आपली बाजू सोडायला कोणी तयार नसतो. संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक-आगरकरांचे समर्थक एकमेकांची तोंडे पाहीनासे झाले होते, आणि हे सारे भांडण होते मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे की नाही एवढ्यावर! (कायदा १८९१ मध्ये झाला.) 'करमणूक' मात्र ओसरी ओलांडून माजघरात जाणारी होती. गोष्ट ऐकायला कोणी आपली बाजू ठरवून बसत नाही. दुपारची जेवणे झाल्यावर घरातला एखादा वाचता येणारा मुलगा बसवायचा आणि चार बायकांनी सुपात धान्य निवडत ऐकायचे, अशी ती वाचनाची तऱ्हा. हरिभाऊंनी हे पत्र सत्तावीस वर्षे चालवले. त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत, लहान गोष्टी येत, चरित्रे येत, माहितीपर लेख येत.

पहिल्याच वर्षी 'करमणुकी'त सुरू झाली ती 'पण लक्षात कोण घेतो'. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये आली. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला.

यमू नावाची मुलगी स्वतःच आपली हकिगत लिहिते आहे, अशी या कादंबरीची मांडणी आहे. लहानपणी भावाबरोबर खेळणारी, आई गमावलेली, लहान वयात लग्न झालेली. नवरा शिकलेला आणि प्रेमळ आहे, तो तिला वाचायला शिकवतो. मुंबईत दोघांचे थोडे सुखाचे दिवस जातात. मग नवरा वारतो, यमू सासरच्यांच्या हाती सापडते आणि तिचे केशवपन होते. बाकी कथानक सांगत नाही. वाचले नसेल त्यांनी वाचावे, आणि वाचले असेल त्यांना सांगायची गरज नाही.

विधवेच्या दुःखावर मराठीत हे काही पहिले लिखाण नव्हते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, आणि तिचा विषयही हिंदू विधवांची दैना हाच. तिथलीही नायिका यमुनाच! त्या यमुनेला प्रवासात एकामागून एक विधवा भेटतात, प्रत्येकीची एक छोटी करुण कथा असते, आणि बाबा पदमनजी ख्रिस्ती उपदेशक असल्याने त्या कथांच्या टोकाला धर्मांतराचा रस्ता असतो. आमच्या मते मराठीतल्या रूढींवरच्या लघुकथेचे मूळ तिथे शोधायला हवे, जरी ते पुस्तक आज कोणी उघडत नसले. पण फरक मोठा आहे. पदमनजींची विधवा दाखल्यासाठी येते. हरिभाऊंची यमू दाखला म्हणून येत नाही. ती हसते, रुसते, नणंदेवर चिडते, नवऱ्याची वाट पाहते. त्यामुळे तिच्या डोक्याला वस्तरा लागतो तेव्हा वाचणाऱ्याच्या घरातल्या कोणाला तरी तो लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट हरिभाऊंनी ओळखली होती, जी सुधारकांच्या लेखांत फारशी दिसत नाही. रूढी पाळणारी माणसे राक्षस नसतात. यमूच्या कथेत शंकरमामंजींसारखा ढोंगी माणूस आहे खरा, आणि वाचकाला त्याचा संताप आल्यावाचून राहत नाही. पण एकटा शंकरमामंजी काही करू शकत नाही. त्याच्या मागे घर उभे असते. त्यात स्वतः सासुरवास भोगलेल्या बायका असतात, लोक काय म्हणतील या भीतीने गप्प बसलेले बरे पुरुष असतात, आणि खरोखरच मनापासून वाटणारी माणसे असतात की हे केले नाही तर गेलेल्याचे वाईट होईल. क्रूरपणा प्रेमाच्या माणसांच्या हातून, पाट-पाणी मांडून, सोवळ्याने केला जातो.

हे आम्हाला कादंबरी वाचून कळले असे म्हणता येणार नाही. राजपुऱ्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात आजोबांची थोरली बहीण राहायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी परत. सासर तिने नीटसे पाहिलेही नव्हते. आम्ही मुले तिला लाल आलवणात, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेली अशीच ओळखत होतो, आणि म्हाताऱ्या बायका अशाच असतात असे आम्हाला वाटे. ठरलेल्या दिवशी मागच्या दाराने न्हावी यायचा, तेव्हा आम्हाला पुढच्या अंगणात धाडले जाई. गौरींच्या पुरणपोळ्या तिच्या हातच्या, पण गौरींपुढे ती यायची नाही. तिला कोणी अडवत नसे. ती स्वतःच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे.

तिला वाचता येत नव्हते. एका उन्हाळ्यात दुपारी तिला काहीतरी वाचून दाखवायचे काम आम्हा भावंडांकडे आले आणि कपाटातले जाडजूड पुस्तक म्हणून 'पण लक्षात कोण घेतो' काढले गेले. आम्हाला त्यातले निम्मे कळत नव्हते. ती मात्र ऐकताना मध्येच हसायची, यमूच्या वडिलांना नावे ठेवायची, दुर्गीच्या नवऱ्याला शिव्या द्यायची. केशवपनाच्या प्रकरणाशी आल्यावर दूध उतू जाईल म्हणून ती उठून गेली. चुलीवर दूध नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने त्याच पानापासून पुन्हा वाचायला लावले आणि शेवटपर्यंत हलली नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी आमचे धाकटे काका गेले. काकूचे वय पंचविशीच्या आतबाहेर. काळ बदलला होता, केशवपनाचे नाव कोणी काढले नाही. पण काकूला हाताला धरून मागच्या पडवीत नेणारी, तिच्या बांगड्या फोडणारी आणि कुंकू पुसणारी आत्याआजीच होती. तिला कोणी सांगितले नव्हते. आजोबा तर मान खाली घालून ओसरीवर बसून होते. आम्हाला राजघाटावर पिटाळण्यात आले. कित्येक वर्षे आम्ही तो राग मनात ठेवला. हरिभाऊ पुन्हा वाचले तेव्हा मात्र राग धरायचा कोणावर, तेच कळेना.

हरिभाऊंच्या लघुकथांकडे वळू. त्यांच्या गोष्टी आधी 'करमणुकी'त आल्या आणि मग 'स्फुट गोष्टी' या नावाने त्यांचे भाग निघाले. लघुकथा हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. स्फुट गोष्ट म्हणजे कादंबरीचे अंग नसलेली, सुटी, एका बैठकीत संपणारी गोष्ट. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांतली सर्वांत गाजलेली. आजच्या मापाने पाहिले तर या गोष्टी पसरट वाटतात. हरिभाऊ मध्येच थांबून वाचकाशी बोलतात, पात्राची बाजू समजावून सांगतात, आवरते घेत नाहीत. पण अरबी सुरस कथांच्या भाषांतरांवर वाढलेल्या वाचकाला आपल्याच आळीतले माणूस गोष्टीत भेटले, ते इथे. मासिकांतली मराठी कथा पुढे जी बहरली, तिला ही वाट हरिभाऊंनी करून दिली. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले आणि पुणे पुन्हा एकदा खवळले, तेव्हा त्या कथांतल्या मुली शिकलेल्या होत्या, नोकरी करणाऱ्या होत्या. पण आपल्याच घरात घुसमटणारी मुलगी स्वतःचे सांगते आहे, ही रीत यमूचीच होती.

सामाजिक कादंबऱ्या त्यांनी आणखीही लिहिल्या. 'मी' मधला भावानंद घर-संसार सोडून समाजकार्याला वाहून घेतो. 'यशवंतराव खरे', 'मायेचा बाजार', 'भयंकर दिव्य' ही नावे जुन्या वाचकांना आठवतील. मात्र आपल्या घरांत हरिभाऊ पोचले ते बहुधा 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' यांमुळे. तानाजी सर्वांना हवा असतो. यमू कपाटात राहते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. हरिभाऊंचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांपुरते होते. त्या काळी याच महाराष्ट्रात देवाला मुली सोडल्या जात होत्या, विहिरीवर पाणी नाकारले जात होते, जातपंचायती माणसांना वाळीत टाकत होत्या. त्या रूढींच्या कथा हरिभाऊंच्या हातून लिहिल्या गेल्या नाहीत. त्या लिहायला पुढे अण्णाभाऊ साठे, शंकरराव खरात, बाबूराव बागूल यावे लागले, ज्यांनी ते सोसले होते किंवा जवळून पाहिले होते. हरिभाऊंनी जे माजघर पाहिले तेच लिहिले. आम्ही हा त्यांचा दोष मानत नाही, पण त्यांना सबंध समाजाचा आरसा म्हणायलाही धजत नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. चुलते महादेव चिमणाजींनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह करायचा आणि ग्रंथ शुद्ध करून छापायचे, हे तिचे काम. पदवी नसलेला, कादंबऱ्या लिहिणारा पुतण्याच तिथे व्यवस्थापक झाला. १८९४ मध्ये चुलते वारल्यावर तो सारा भार हरिभाऊंवर आला आणि त्यांनी तो मरेपर्यंत वाहिला. ते राहतही तिथेच. आनंदाश्रमाच्या ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणजे सभाष्य गणेशाथर्वशीर्ष. आपण मंडपात रोज सकाळी म्हणतो तेच. आणि १९०५ मध्ये याच मालेत 'स्मृतीनां समुच्चयः' हा ग्रंथ निघाला, सत्तावीस स्मृतींचा संग्रह. ज्या स्मृतींची नावे घेऊन यमूसारख्यांना बसवले जाई, त्या स्मृती यमूची गोष्ट लिहिणाऱ्याच्याच देखरेखीखाली छापल्या जात होत्या.

याला कोणी विसंगती म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. शास्त्राच्या नावावर रूढी चालवणाऱ्या बहुतेकांनी शास्त्र पाहिलेलेच नसते. ते ऐकीव असते, कोणी तरी आजी-पणजीने सांगितलेले असते. हरिभाऊ त्यातले नव्हते. त्यांनी पोथ्या जाळल्या नाहीत, त्या स्वच्छ छापून चार लोकांपुढे ठेवल्या. आणि ज्या बाईला त्या पोथीचे नाव सांगून गप्प केले जाते, तिची गोष्टही छापली. गुरूवर विलाप लिहिणारा आणि गुरूचे परीक्षण करणारा, तोच हा मुलगा. अर्थात रोज संध्याकाळी 'करमणुकी'चा मजकूर लिहिताना शेजारच्या खोलीतून शास्त्रीबुवांचा पाठ ऐकू येत असेल तेव्हा त्यांच्या मनात काय चालत असेल, याची आम्ही नुसती कल्पनाच करू शकतो.

स्वभावाने ते भांडखोर नव्हते. मित्रमंडळी मोठी होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांशी स्नेह होता. काशीबाई कानिटकर आणि त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी तर घरोबा होता. काशीबाई स्वतः लेखिका, लपूनछपून वाचायला शिकलेल्या. हरिभाऊ त्यांच्याशी लेखनाबद्दल पत्रांतून मोकळेपणाने बोलत. परक्या बाईशी पत्रव्यवहार करणे हेच त्या काळी धाडस होते. पुढे ती पत्रे काशीबाईंनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

उत्तरायुष्यात मानसन्मान आले. १९१२ मध्ये अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे त्यांचे पाय आपल्या बाजूच्या वऱ्हाडाला लागले. १९१५ मध्ये मराठी भाषेच्या उगमावर त्यांनी विल्सन व्याख्याने दिली. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. गटारे, पाणी, कर यांत कादंबरीकाराचे मन किती रमले असेल कोण जाणे. १९१७ मध्ये 'करमणूक' थांबली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊ गेले. पंचावन्नावे वर्ष पुरे व्हायला पाच दिवस कमी होते.

हे चरित्र यंदाच का, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर कोणा बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढायचे नाही. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात तो ठराव इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. म्हणजे यमूनंतर एकशे तीस वर्षांनीही ठराव करावा लागतो. आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला, कारण आपल्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेत दरवर्षी फक्त सुवासिनींना आमंत्रण असे. हा शब्द काढावा, अशी सूचना आली. दीड तास वाद झाला. पुरुषमंडळींपैकी फार कोणी बोलले नाही, ओसरीवर बसतात तसे बसून राहिले. सर्वांत ठाम विरोध केला तो मंडळातल्या एका ज्येष्ठ भगिनीनेच, ज्यांचे यजमान आठ वर्षांपूर्वी वारले. आम्हाला उगाच पेचात टाकू नका, आम्ही आहोत तिथे बऱ्या आहोत, असे त्यांचे म्हणणे. शेवटी शब्द बदलला. पत्रिकेत आता सर्व भगिनींना सस्नेह आमंत्रण असे छापले आहे.

त्या भगिनी दरवर्षीप्रमाणे मंडपाबाहेरची रांगोळी काढणार आहेत. आत येणार का, ते त्यांनी सांगितलेले नाही. मंडळाच्या कपाटात 'पण लक्षात कोण घेतो'ची एक प्रत आहे; ती परवा त्यांनी वाचायला नेली, आणि पहिली दोन पाने फाटलेली आहेत अशी तक्रारही केली. कोणाकडे धड प्रत असल्यास मंडळाला द्यावी. हळदीकुंकू गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मंडपातच आहे.